वारस म्हणून कोणकोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



वर्तमानपत्रात एक जागा अशी असते, जिथे सहसा कोणी थांबत नाही. आतल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात जाहीर नोटिसा छापलेल्या असतात. अमुक गृहस्थ अमुक तारखेला मयत झाले, त्यांच्या वारसांनी दाखल्यासाठी न्यायालयात अर्ज केला आहे, कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावे. मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, दोन-तीन संग्रह निघाले. पण या नोटिसा कधी वाचल्या नाहीत. २०१७ च्या जानेवारीत माझे वडील गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे नाव मी तशाच एका चौकटीत वाचले. नावामागे ‘मयत’ हा शब्द होता.

आमच्या घरात तो शब्द नवा नाही. कोणी गेले की आम्ही ‘मैयत झाली’ असेच म्हणतो. कोर्टाच्या मराठीतले वारस, हक्क, वकील, हरकत, तारीख हे शब्दही अरबीतून आलेले, म्हणजे कानाला ओळखीचे. पण शब्द ओळखीचा असणे आणि त्याचा अर्थ कळणे यात किती अंतर असते, हे मला पुढच्या अडीच वर्षांत समजले. आज त्याबद्दलच बोलायचे आहे. माणूस गेल्यावर त्याचा पैसा, त्याचे घर वारसांपर्यंत कसे पोचते, हे आपल्याला घरात कोणी शिकवत नाही. तो हयात असताना विषय काढला तर अभद्र वाटते, गेल्यावर काढला तर लोभीपणा वाटतो. मग जो तो चुकत चुकत शिकतो. मीही तसाच शिकलो, आणि एक चूक तर अशी केली की ती सांगायला आजही जीभ जड होते.

अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे घर. चाळिसावा झाल्यावर आम्ही त्यांची पत्र्याची पेटी उघडली. त्यात बँकेची दोन पासबुके, मुदत ठेवीच्या पावत्या, शिक्षकांच्या पतसंस्थेचे कागद, पेन्शनचे पुस्तक आणि आजोबांच्या घराच्या घरपट्टीच्या पावत्या दोऱ्याने बांधून ठेवलेल्या होत्या. मास्तरांची पेटी ती, सगळे नीट लावलेले. मला वाटले, महिनाभरात काम उरकेल.

पहिला कागद मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. नंतरही होते, पण उशिराचा आकार, परवानग्या असे मागे लागते. नोंद आम्ही वेळेत केली, दाखल्याच्या प्रती मात्र दोनच घेतल्या. पुढे अकरा लागल्या. तेव्हा प्रती आधीच भरपूर घ्याव्यात.

दुसरी अडचण नावाची. सेवापुस्तकात अब्बांचे आडनाव मुलाणी, बँकेत शेख, आणि घरपट्टीला आडनावच नाही. नुसते त्यांचे आणि आजोबांचे नाव. आमच्यात हे फार होते. पण तुमच्यातही कागदोपत्री मूळ आडनाव आणि गावात पाटील, असे असतेच. लग्न झालेल्या बाईची तर माहेरची आणि सासरची अशी दोन नावे असतात. या सगळ्या नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. जिवंतपणी स्वतः माणूस उभा राहून ‘तो मीच’ म्हणू शकतो. नंतर तेच सांगायला स्टँप पेपर लागतो.

अम्मीचे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र लवकर सुरू झाले. ते वारशात मोडत नाही, वाटले जात नाही. नियमाप्रमाणे ज्याला मिळायचे, त्याचेच ते. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुष्कळ घरांत मुले आईच्या पेन्शनवरही हिशेब मांडतात.

आता बचत खाते. त्यावर नॉमिनी म्हणून माझे नाव होते. मृत्यूचा दाखला आणि माझी ओळखपत्रे दिली, आणि थोड्याच दिवसांत तीन लाख रुपये माझ्या खात्यावर आले. मला वाटले, अब्बांनी माझे नाव घातले म्हणजे ही रक्कम माझी. धाकट्या भावालाही तसेच वाटले, बहिणीलाही. कोणी काही बोलले नाही. बोलल्या त्या आमच्या वकीलबाई. त्यांनी विचारले, “मनिऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन ते पैसे स्वतःचे समजतो का?”

नॉमिनी म्हणजे तो पोस्टमन. बँकेने कोणाच्या हातात पैसे दिले म्हणजे ती मोकळी होते, एवढेच नामनिर्देशनाने ठरते. पैसे कोणाचे, हे वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. विम्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे स्पष्ट केले, बँकेतल्या ठेवींबाबत २०१० मध्ये आणि कंपनीच्या शेअरबाबत २०२३ मध्ये. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने थोडा फरक पडला. तिथे आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर ती रक्कम सहसा त्यांचीच होते. बाकी ठिकाणी नॉमिनीने पैसे घ्यायचे आणि वारसांत वाटायचे. म्हणून नॉमिनी लावू नका असे मी म्हणत नाही. अवश्य लावा, पैसे अडकत नाहीत. फक्त ज्याचे नाव लावाल त्याला सांगून ठेवा, की बाबा, तू मालक नाहीस.

मुदत ठेवींना नॉमिनी नव्हता. त्या आठ लाखांच्या होत्या. बँकेने वारसाचे प्रमाणपत्र मागितले. इथे दोन वेगळे कागद आहेत आणि लोकांची गल्लत होते. बँकेतल्या ठेवी, शेअर, रोखे, मयताला कोणाकडून येणे असलेली रक्कम यांसाठी जे लागते ते उत्तराधिकार प्रमाणपत्र, ज्याला कोर्टात सगळे सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात. ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मिळते आणि सर्व धर्मीयांना लागू आहे. घर-जमिनीसाठी ते चालत नाही. त्यासाठी आपल्याकडे वारस दाखला आहे, आणि तो १८२७ सालच्या मुंबई विनियमाखाली देतात. पेशवाई बुडाल्यावर नऊ वर्षांनी केलेला नियम आजही महाराष्ट्रात आपली वारसदारी ठरवायला कामाला येतो.

उत्तराधिकार प्रमाणपत्राच्या अर्जात काय लिहायचे? मयत कधी वारला, कुठे राहत होता, अर्ज करणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, कोणत्या ठेवींसाठी दाखला हवा. आणि कुटुंबात, जवळच्या नात्यात कोणकोण आहे, त्यांचे पत्ते. या शेवटच्या ओळीवर सगळा अर्ज उभा असतो. कोर्ट त्या सगळ्यांना नोटीस काढते, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावते, हरकतीची वाट पाहते. हरकत आली नाही तर पुरावा घेऊन, कोर्ट फी भरून दाखला मिळतो. फी रकमेच्या प्रमाणात असते. काही वेळा न्यायालय जामीनही मागते. आम्हाला एकूण दहा महिने लागले.

मी एकदा वैतागून वकीलबाईंना म्हणालो, आमच्यात भांडण नाही, मग एवढे कशाला? त्या म्हणाल्या, “भांडण नाही हे तुम्ही सांगताय. जो अर्जात नाही, तो काय सांगेल हे कोर्टाला ऐकायचं असतं.” तेव्हा त्या बारीक टायपातल्या नोटिशीचा अर्थ मला कळला. ती ओळखीच्यांसाठी नसतेच. ज्याला कोणी कळवले नाही, त्याच्यासाठी ती असते.

दाखला मिळाला म्हणजे मालकी ठरली असेही नाही. दाखला पाहून बँकेने पैसे दिले की बँक सुरक्षित होते. पण एखाद्या वारसाला डावलून दाखला काढला असेल, तर तो नंतरही दिवाणी दावा लावू शकतो, दाखला रद्दही होऊ शकतो.

आता वाटणी. आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे आधी कफन-दफनाचा खर्च, मग मयताचे कर्ज, मग वसीयत म्हणजे मृत्युपत्र असेल तर ते, आणि उरेल ते वारसांचे. कर्जात बायकोचा मेहेरही येतो. अब्बांचे पतसंस्थेचे ३८ हजार देणे होते, ते आधी फेडले. अम्मीचा मेहेर १९६४ सालचा, ५२५ रुपये. तिला विचारले तर म्हणाली, “जनाजा उठला तेव्हाच माफ केला.” माफ करणे तिचे, विचारणे आमचे कर्तव्य होते. कर्जाबाबत एक गोष्ट सर्व धर्मीयांना सारखी आहे. वडिलांचे देणे मुलांनी फेडायचे ते वारशात आलेल्या मालमत्तेच्या मर्यादेत. तुम्ही स्वतः जामीन राहिला नसाल, तर वसुलीवाल्याला तुमच्या पगारात हात घालता येत नाही. मयताच्या दारात उभे राहून कोणी दम देत असेल तर हे त्याला शांतपणे सांगावे.

मग हिस्से. मुले असतील तर विधवेला आठवा भाग. बाकीचे मुलगे आणि मुली यांच्यात दोनास एक या प्रमाणात. आम्ही दोन भाऊ, एक बहीण. आठ लाखांतले एक लाख अम्मीचे. उरले सात लाख, त्याचे पाच भाग. भावांना दोन-दोन, बहिणीला एक. म्हणजे आम्हाला प्रत्येकी दोन लाख ऐंशी हजार आणि बहिणीला एक लाख चाळीस हजार. बहिणीला निम्मे का, हा प्रश्न मलाही पडतो, आणि त्यावर आमच्यात वाद आहे, तो असायलाही हवा. पण प्रत्यक्षात अडचण त्याच्या अलीकडची आहे. ठरलेले निम्मेसुद्धा तिच्या हातात पडत नाही. हिंदू वारसा कायद्यात १९५६ पासून बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही ती जन्माने बरोबरीची झाली. तिथे तरी पडते का? दोन्हीकडे कायदा वेगळा, चाल एकच. भाऊ कागद पुढे करतो आणि बहीण सही करते.

आमच्या बहिणीनेही “मला काही नको” म्हटले होते. अम्मीने ऐकले नाही. ती म्हणाली, “आधी तिच्या खात्यावर जाऊ दे. नंतर तिला वाटलं तर देईल तुम्हाला.” पैसे गेले. तिने ते परत दिले नाहीत, आणि ते बरेच झाले.

मृत्युपत्राबद्दल दोन शब्द. अब्बांनी ते केले नव्हते. प्रोबेट म्हणजे मयताचे हे मृत्युपत्र खरे आहे, यावर न्यायालयाने उठवलेली मोहोर. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या इलाख्यांच्या शहरांशी संबंध असेल तर हिंदू, शीख, जैन, बौद्ध आणि पारशी यांना मृत्युपत्रावरून हक्क सांगण्यासाठी प्रोबेट घ्यावेच लागे. मुसलमानांना ही सक्ती नव्हती. २०२५ च्या अखेरीस संसदेने ती सक्ती करणारे २१३ वे कलमच काढून टाकले. आता प्रोबेट ऐच्छिक आहे. पण मृत्युपत्रावरून वाद होण्यासारखा असेल तर ते घेतलेले बरे. मुसलमानाला वसीयतीने एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता देता येत नाही, आणि सुन्नी शास्त्रात वारसांपैकीच एकाला झुकते माप द्यायचे तर मृत्यूनंतर बाकीच्या वारसांची संमती लागते. हिंदू माणूस स्वतःच्या मालमत्तेचे मृत्युपत्र हवे तसे करू शकतो. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये.

इथपर्यंत सगळे ठीक चालले होते. २०१८ साल संपत आले होते. राहिले होते आजोबांचे घर. रस्त्याला दोन गाळे, मागे चार खोल्या. आजोबा १९७१ मध्ये वारले. चाचाही आधीच गेलेले. चुलतभावांना घर पाडून नवे बांधायचे होते, त्यासाठी कर्ज काढायचे होते, आणि बँकेला मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड साफ हवे होते. मी नगर भूमापन कार्यालयात गेलो. कार्डावर आजोबांच्या नावाला कंस होता आणि खाली दोनच नावे, अब्बा आणि चाचा. तिथले निवृत्तीला आलेले कारकून जुनी नोंद चाळत म्हणाले,

“आजोबांना वारस म्हणून कोणकोण?”

मी म्हणालो, “दोन मुलगे.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “मुलगी नव्हती?”

आणि मंडळी, मी म्हणालो, “विचारून सांगतो.”

माझी सख्खी फुफी, म्हणजे आत्या, तेव्हा ७९ वर्षांची होती. तीस किलोमीटरवरच्या गावात राहत होती. लहानपणी तिच्या मांडीवर झोपलेला मी. आणि मी सरकारी कचेरीत उभा राहून म्हणालो, विचारून सांगतो.

मी तिला विसरलो नव्हतो. उत्तर देताना मनात हिशेब झाला होता. फुफीचे नाव लागले की आमचा हिस्सा घटणार, काम लांबणार, चुलतभाऊ चिडणार. १९७१ नंतर आजोबांची नोंद करताना आजीचेही नाव लागले नव्हते आणि फुफीचेही. कोणी मुद्दाम खोटे केले असे नाही. मुलगी दिली घरी गेली, तिचे काय लावायचे, अशी तेव्हाची रीत. अब्बा दर ईदेला तिला साडी घेऊन जात. तिचा हिस्सा त्या साडीत मोजला जात होता आणि आम्हा सगळ्यांना ते प्रेमच वाटत होते. ते प्रेम होतेही. पण साडी देणाऱ्याच्या मर्जीची असते, हिस्सा तसा नसतो.

मी घरी येऊन दोन महिने गप्प बसलो. या काळात एका कविसंमेलनात स्त्रियांच्या दुःखावरची कविता वाचून टाळ्याही घेतल्या. शेवटी अम्मीनेच विचारले, घराच्या कागदाचे काय झाले? सांगितले. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तुझ्या बहिणीचं लिहिलंस. मग तुझ्या अब्बांच्या बहिणीचं का नाही?”

मी वकीलबाईंकडे गेलो. पन्नास वर्षे होत आली, आता काय होणार? त्यांनी सांगितले ते तुम्हीही लक्षात ठेवा. सरकारी दप्तरातली नोंद म्हणजे मालकी नव्हे. नोंद मुख्यतः कर आणि सारा कोणाकडून घ्यायचा यासाठी असते. तिने हक्क जन्माला येत नाही आणि नाव राहिले म्हणून हक्क मरतही नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितले आहे. आमच्या शास्त्राप्रमाणे बाप वारल्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. आणि बाप जिवंत असताना मुलीकडून ‘मला काही नको’ असे लिहून घेतले असेल, तर ते सहसा टिकत नाही. जे अजून मिळालेच नाही ते सोडणार कसे? नंतर सोडायचे असेल तर घराचे हक्कसोड पत्र रीतसर नोंदणी करूनच करावे लागते. फुफीने असे काही केलेले नव्हते. मात्र उशीर कोणाच्याही फायद्याचा नसतो. साक्षीदार मरतात, कागद कुजतात, मिळकती विकल्या जातात, आणि एखाद्या वारसाचा हक्क उघडपणे नाकारला असेल तर मुदतीचा प्रश्नही येतो.

हिशेब सोपा होता. आजोबांनंतर आजीचा आठवा, बाकीत मुलग्यांचे दोन-दोन आणि मुलीचा एक. पुढे आजी वारल्यावर तिचा आठवाही त्याच तिघांत त्याच प्रमाणात. म्हणजे फुफीचा घरात पाचवा हिस्सा.

मी तिच्या गावी गेलो. मला वाटले होते, ती रडेल किंवा ‘मला काय करायचंय आता’ म्हणेल. तिने पदराने चष्मा पुसला आणि विचारले, “किती येतो माझा?” मी सांगितले. ती म्हणाली, “लिही. मग द्यायचं की ठेवायचं, ते माझं मी बघते.”

चुलतभाऊ चिडले. धाकटा म्हणाला, “दर ईदेला साडी जातेच की.” त्याचा राग मला कळत होता, कारण दोन महिने तोच विचार मी केला होता. थोरल्याला मी विचारले, उद्या तुझ्या मुलीच्या बाबतीत असेच करायचे का? तो काही बोलला नाही, पण पंधरा दिवसांनी सहीला आला. सगळ्यांची संमती असल्यामुळे मार्ग सोपा झाला. आम्ही दिवाणी न्यायालयातून आजोबांच्या सर्व वारसांची नावे असलेला दाखला घेतला. पुन्हा जाहीरनामा, पुन्हा हरकतीची मुदत. त्यावरून भूमापन कार्यालयाने फेरफार घातला. संमती नसती तर वरिष्ठांकडे अपील किंवा दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा, आणि मग वर्षे. २०१९ च्या जुलैत प्रॉपर्टी कार्डाचा नवा उतारा हाती आला. त्यावर फुफीचे नाव होते. मी तो तिला नेऊन दिला. तिला वाचता येत नव्हते. तिने नातीला वाचायला लावला, आणि स्वतःचे नाव आल्यावर पुन्हा एकदा वाचायला लावला.

फुफीने हिस्सा सोडला नाही. चुलतभावांनी नवे घर बांधले तेव्हा तिला एक खोली मिळाली. फुफी २०२२ मध्ये गेली. तिच्या एका मुलाचे आणि दोन मुलींचे नाव लावायला या वेळी दोन महिनेही लागले नाहीत. सगळे आधीच लिहिलेले होते.

त्या दिवसांनंतर काही गोष्टी सोप्या झाल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी नवे निर्देश काढले. नॉमिनी नसला आणि वाद नसला, तर १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, कोर्टाच्या दाखल्याचा आग्रह न धरता साध्या पद्धतीने दावा निकाली काढायचा, आणि कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत. आमचे आठ लाख आज असते तर बहुधा कोर्टाची पायरी चढावी लागली नसती. नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चार नॉमिनी लावता येतात. दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण त्या बुडत नाहीत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नाव घालून शोधता येतात आणि आपल्या बँकेकडून मागता येतात. शेतजमीन असेल तर वारसांनी तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तीन महिन्यांत वर्दी द्यावी. मग नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. २०२५ साली महसूल विभागाने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायची मोहीम काढली. तिचे नाव ‘जिवंत सातबारा’. मला ते नाव आवडले. मेलेल्यांची नावे कमी झाल्याने सातबारा जिवंत होतो हे खरेच, पण हयात असलेल्या बहिणी, आत्या, विधवा भावजया यांची नावे त्यावर आली तर तो पुरता जिवंत होईल.

तेव्हा हयात असताना आपली खाती, ठेवी, विमा, कर्ज आणि घराचे कागद कुठे आहेत ते एका वहीत लिहून ठेवा. सगळ्या कागदांवरचे नाव एकसारखे करून घ्या. नॉमिनी लावा. आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर आपल्या वारसांची नावे लिहा. सगळ्यांची, दिल्या घरी गेलेल्यांचीसुद्धा. हे आपणच लिहिले, तर पुढे कुठल्या कचेरीत आपल्या मुलाला कोणी विचारील, वारस म्हणून कोणकोण, तेव्हा ‘विचारून सांगतो’ असे म्हणायची वेळ त्याच्यावर येणार नाही.

आता मी वर्तमानपत्रातल्या त्या नोटिसा वाचतो. वारसांच्या यादीत बायकांची नावे आहेत का, तेवढे पाहतो. असली की पान उलटतो.